दुधाच्या दाढेला भेटायला आलेली माणसं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. हा किस्सा मी जिथे जिथे सांगितलाय, तिथे माणसं निम्म्यापर्यंत पोट धरून हसतात आणि मग एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागतात. माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. आणि त्यांचं बरोबरच आहे!

मी पंकज. ठिबकच्या नळ्या विकतो. घर जळगावात, पण आठवड्यातले चार दिवस आज पाचोरा, उद्या मुक्ताईनगर, परवा आणखी कुठे. माझं पोट माझ्या जिभेवर आहे. ज्या माणसाने मला दारातच "काही नको भाऊ" म्हणून सांगितलं, त्याच्या घरी मी दोन तासांनी जेवून उठलोय. इतकं बोलता येतं मला. फार बोलता येतं, हीच तर सगळी भानगड आहे.

तर आमची स्वरा. वय साडेपाच. एके दिवशी जेवताना गाल धरून बसली. बायकोने, म्हणजे मनीषाने, मोबाइलच्या उजेडात तोंडात बघितलं, तर खालच्या दाढेला हे एवढं भगदाड!

"अगं, दुधाची दाढ आहे. पडेल आपोआप," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," मनीषा म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातलं आणि घरातलं तिचं वाक्य एकच असतं.

खरं सांगू का? दाढ पडेल की राहील याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंच नव्हतं. मी आठ वर्षांचा असताना वडील मला धुळ्याला घेऊन गेले होते. वाटेत उसाचा रस पाजला. म्हणाले, "डॉक्टर नुसतं बघणार आहेत." मी विश्वासाने तोंड उघडलं. एकाने पाय धरले, एकाने डोकं धरलं, आणि वडिलांनी स्वतः माझे दोन्ही हात धरले. पुढचं सांगत नाही. त्यानंतर तीस वर्षं मी दाताच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही. उजवी बाजू कधीची बाद झालीय. डाव्या बाजूने जेवतो, आणि भाकरी असली की नुसती वरणात बुडवून गिळतो. वडील मागच्या वर्षी गेले. चांगले होते हो! पण ते एक वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही.

असो. मनीषाने दोघांनाही धरून नेलं. फक्त लहान मुलांचे दात बघणारी डॉक्टर होती, वयाने तिशीतली. आणि काय सांगू, पोरगी खुर्चीवर बसली आणि खूश! खुर्ची वर जाते, खाली येते. पाण्याचा फवारा उडतो. डॉक्टरबाईंनी तिच्या हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या, "चल, आपण दोघी मिळून दात मोजू." दोघींनी मोजले. मग ती घर्रघर्र करणारी मशीन आधी स्वराच्या नखावर चालवून दाखवली. स्वरा हसायला लागली, म्हणे गुदगुल्या होतात.

"या दाढेत किडे घर करून बसलेत. आपण ते घर धुऊन काढू आणि वर चांदीसारखी टोपी बसवू. चालेल?"

"सोन्याची नाही मिळत का?" स्वराने विचारलं. जळगावची पोर! सगळे हसले.

सगळे म्हणजे मी सोडून. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. डॉक्टरबाईंनी ते बरोबर बघितलं. स्वराला बाहेरच्या खेळण्यांकडे पाठवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "मुलगी छान आहे. अजिबात घाबरत नाही. तिला असंच राहू द्या. घरी सुईचं, मशीनचं नाव काढू नका. 'दुखणार नाही' असंही म्हणू नका, कारण मग तिला कळतं की दुखण्यासारखं काहीतरी आहे. आणि साहेब, तुमच्या दाताची गोष्ट तिला सांगू नका."

"माझी कसली गोष्ट?" मी म्हणालो.

"असते प्रत्येकाची," त्या म्हणाल्या. "आणि फार दिवस लावू नका. सूज आली की अवघड जातं."

आता इतकं सरळ सांगितल्यावर माणसाने काय करावं? गप्प बसावं! तेवढंच तर काम होतं. पण मी तीन वेळा तारीख पुढे ढकलली. एकदा मुक्ताईनगरचं गिऱ्हाईक, एकदा गाडीचं पंक्चर, एकदा तर चक्क अमावास्या. मनीषाने शेवटी गुरुवार पक्का केला. तिची त्या दिवशी शिक्षण परिषद होती, रजा मिळणार नव्हती. म्हणजे न्यायचं मला एकट्याला. "तुम्हाला जास्त काही करायचं नाही," ती म्हणाली. "तिला न्यायचं, शांत बसायचं, परत आणायचं. झालं."

आणि मंगळवारी संध्याकाळी माझ्या बहिणीचा, रूपालीचा फोन आला. धुळ्याच्या अलीकडे एका गावात दिलीय तिला.

"दादा, गुरुवारी दहापर्यंत पोहोच हं. मुहूर्त साडेबारापर्यंतच आहे."

"कसला मुहूर्त?"

"अरे, रुद्रचं जाऊळ! विसरला?"

विसरलो होतो! साफ विसरलो होतो. आता जाऊळ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पोराचे पहिले केस काढायचे, आणि ते मामाच्या मांडीवर बसवूनच. मामा नाही तर जाऊळ नाही. आणि रुद्रला मामा किती? एक. मीच.

मी तोंड उघडतोय तोवर तिच्या सासूबाईंनी फोन घेतला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. बाई मनाची सोन्यासारखी, पण रुसली की रुसली. एका पुतण्याने हर्नियाचं ऑपरेशन न सांगता उरकलं, तर दोन वर्षं त्याच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत.

"पंकजभाऊ, कव्हय येशात?"

"अक्का, जरा अडचण आहे. स्वराला दवाखान्यात न्यायचंय."

"काय व्हयनं तिले?"

"दाढ दुखतेय."

"दाढ? दुधनी दाढ शे ना? ती ते पडीच जाई! मामा नही ते जाऊळ कसं व्हई?"

आता इथे सरळ माणूस काय म्हणाला असता? "अक्का, डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलंय, जाऊळ दोन दिवस पुढे घेऊ." एवढंच. पण मला ते सांगताना लाज वाटली हो! दुधाच्या दाढेसाठी मामा जाऊळ टाळतो, हे उद्या अख्ख्या भावकीत पसरलं असतं. तेव्हा माझ्यातला विक्रेता जागा झाला. मी आवाज खाली आणला.

"अक्का, साधं नाही ते. ऑपरेशन आहे."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "ऑपरेशन?"

"हो. आतपर्यंत गेलंय म्हणतात."

बघा, खोटं काय बोललो? दाढेच्या आतपर्यंत गेलंच होतं की! कुठल्या आतपर्यंत ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"मंग तुम्ही नका येऊ भाऊ," अक्का म्हणाल्या. "पोरले सांभाळा. जाऊळनं आम्ही दखी लेसूत."

दवाखाना कोणता, वेळ काय, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला आणि मी खूश! काय सुटलो! मनीषाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने एका मिनिटात ओळखलं असतं की मी काय करून बसलोय. कारण आपल्या खान्देशात ऑपरेशन हा शब्द नुसता ऐकून कोणी घरी बसतं का? बाकीच्या मुलखात लोक फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवतात. आपल्याकडे गाडी करून येतात! येतात, पेशंटच्या उशाशी बसतात, हेच दुखणं असलेला दुसरा माणूस कसा गेला ते सविस्तर सांगतात, चहा पितात आणि केळी ठेवून जातात. जो येत नाही तो आपला नाही. आणि हे सगळं मला, जन्मापासून इथे राहणाऱ्या मला, त्या क्षणी आठवलं नाही.

गुरुवार. साडेदहाला आम्ही दवाखान्यात. स्वराने पिवळा फ्रॉक घातला होता आणि बाहुलीचेही दात दाखवायचे म्हणून बाहुली आणली होती. मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. डॉक्टरबाई आत दुसऱ्या मुलाला बघत होत्या. आमचा नंबर अकराचा. सगळं इतकं छान चाललं होतं की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

आणि अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली एक गाडी येऊन थांबली. त्यातून माणसं उतरायला लागली. एक, दोन, पाच, आठ. मी मोजायचं सोडून दिलं, कारण चौथ्या नंबरला अक्का उतरल्या होत्या.

त्या सरळ आत आल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि स्वराला छातीशी कवटाळून रडायला लागल्या.

"ओ मनी माय! इतलीशी पोर, नि तिनं ऑपरेशन!"

स्वरा त्यांच्या पदरातून कसंबसं तोंड बाहेर काढून म्हणाली, "पप्पा, कोणाचं ऑपरेशन?"

मी हसलो. नुसता हसलो!

मागोमाग सगळे आत. शहाळी आली, सफरचंदं आली, केळ्यांची फणी आली. एका मावशीने कुठल्याशा देवाचा अंगारा आणला होता, तो स्वराच्या कपाळाला लावला आणि उरलेला गालाला. दुसरी म्हणाली, "खाई ले बेटा, आतेच खाई ले. मंग खावाले भेटाव नही." आणि तिने सोललेलं केळं पोरीच्या हातात कोंबलं. तिथे बसलेल्या एका आईने आपल्या मुलाला उचलून कडेवर घेतलं आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मग नाना पुढे आले. नाना म्हणजे अक्कांचे धाकटे दीर. ते स्वराच्या शेजारी बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खोल श्वास घेतला.

"मना साडूनी बी दाढच व्हती," ते म्हणाले. "सकायमा काढी. हासत हासत घर उना. आनि संध्याकायले..."

इथे त्यांचं स्वराकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. थांबले नसते तर बरं झालं असतं!

"संध्याकाळी काय झालं?" स्वराने विचारलं.

"काही नही बेटा. चांगला माणूस व्हता."

स्वराने केळं बाकावर ठेवून दिलं. बाहुलीला पोटाशी धरलं आणि माझ्या जवळ येऊन उभी राहिली. मी खाली वाकलो. ती माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, हे सगळे आजोबांच्या वेळी आले होते ना?"

"हो गं."

"तेव्हा पण अक्का रडत होत्या."

"हो."

"मग मी पण जाणार का?"

थांबा, इथे हसू नका. इथे मी तुम्हाला खरं ते सांगतो. माझ्याकडे उत्तर होतं. साधं, दोन ओळींचं. उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'अक्का, ऑपरेशन वगैरे काही नाही. दाढ साफ करायचीय फक्त. मी थाप मारली.' एवढं म्हटलं असतं तर पोर तिथल्या तिथे हसली असती. अक्कांनी मला शिव्या घातल्या असत्या, रूपालीला चार दिवस बोलणी बसली असती, संपलं असतं.

पण अक्का डोळे पुसत होत्या. रूपाली माझ्याकडे काळजीने बघत होती. बारा माणसं माझ्यासाठी दोन तास प्रवास करून आली होती. मला माझी अब्रू दिसली. पोर दिसली नाही.

मी म्हणालो, "नाही गं बेटा. काही दुखणार नाही. डॉक्टर नुसतं बघणार आहेत."

आणि ते वाक्य माझ्या तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. तोच सूर! तसाच डोक्यावर हात! पण वाक्य काही परत घेता येत नाही.

इतक्यात अक्कांनी घड्याळ बघितलं. "चला, आजून वेळ शे. मुहूर्त टळाले नको."

"कसला मुहूर्त अक्का?"

"जाऊळना! शंकरभाऊले संगे लई उनूत ना. मामा जठे, जाऊळ तठे!"

बघतो तर काय, गाडीच्या पुढच्या सीटवरून गावचे न्हावी शंकरभाऊ आपली पेटी घेऊन उतरत होते. बदामाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली गेली. पाट मांडला. हळदीकुंकवाचं ताट आलं. मला म्हणतात, बसा मांडी घालून! दवाखान्याच्या दारात! रिसेप्शनवरची मुलगी बाहेर येऊन काही म्हणणार होती, पण अक्कांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

मी नाही कसं म्हणणार? बसलो. रूपालीने रुद्रला माझ्या मांडीवर ठेवलं. एक वर्षाचं लेकरू, त्याला मी कोण तेही धड माहीत नाही. शंकरभाऊंनी डोक्यावर गार पाणी मारलं आणि त्याने जे भोकाड पसरलं! दोन बायकांनी पाय धरले. नानांनी डोकं धरलं. अक्का म्हणाल्या, "हात धरा भाऊ, हात! हालाले नको, वस्तरा शे!" मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. पोर लालबुंद, श्वास अडकेपर्यंत रडतंय, आणि भोवती सगळे आनंदाने म्हणतायत, "व्हयनं, व्हयनं, आते व्हयनं!"

मी सहज वर बघितलं. दवाखान्याच्या काचेच्या दारामागे पिवळा फ्रॉक दिसला. स्वरा दोन्ही तळवे काचेला लावून उभी होती. रुद्रकडे बघत नव्हती, वस्तऱ्याकडेही नाही. माझ्या हातांकडे बघत होती.

"स्वरा! आत यायचंय!" आतून आवाज आला.

मी अर्ध्या डोक्याचं पोर रूपालीकडे दिलं आणि धावलो. काचेमागे कोणी नाही. खेळण्यांपाशी नाही, संडासात नाही. त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मी सांगत नाही. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरला ती मागच्या सीटखाली सापडली. बाहुली तिथेच पडलेली, आणि हिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून धरलेलं.

मी तिला उचलायला हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि अशी किंचाळली, अशी किंचाळली, की रुद्र रडायचा थांबला.

डॉक्टरबाईंनी पाऊण तास प्रयत्न केला. गोष्ट सांगितली, आरसा दिला, खुर्ची वरखाली केली. पोरीने दात आवळले ते आवळलेच. एकदा बाईंनी ओठाला नुसता हात लावला तर कडाडून चावली. शेवटी त्या बाहेर आल्या. बोटाला चिकटपट्टी लावत होत्या.

"घरी काय झालं? मागच्या वेळी तर ही मुलगी हसत होती."

"ऑपरेशनले भिनी पोर," अक्का म्हणाल्या. "व्हई जाई ना डॉक्टर, ऑपरेशन?"

"कोणाचं ऑपरेशन?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाढ साफ करून टोपी बसवायची होती. अर्ध्या तासाचं काम."

बारा माणसांनी एकदम माझ्याकडे बघितलं. शंकरभाऊंनी वस्तरा पुसता पुसता बघितलं. मी बदामाच्या झाडाकडे बघितलं.

अक्कांनी पदर खोचला. आत गेल्या, बाकावरची केळी उचलली, सफरचंदं उचलली, शहाळी उचलली, आणि एकेक करून सगळं परत गाडीत ठेवलं. अंगारा मात्र गालावर तसाच राहिला होता, तो काही परत नेता आला नाही. रूपाली जाताना एवढंच म्हणाली, "दादा, मला तरी खरं सांगायचंस ना."

संध्याकाळी मनीषाने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला मी फक्त गप्प बसायला सांगितलं होतं." आणि उठून कुकर लावायला गेली.

पुढचे दिवस विचारू नका. पोर ब्रशला घाबरायला लागली. पांढरा शर्ट घातलेला माणूस दिसला की माझ्या नाही, मनीषाच्या पाठीमागे जायची. दारात पाहुण्यांच्या चपला दिसल्या की आत जाऊन पलंगाखाली. मी तिला बाहुल्या आणल्या, फुगे आणले, अर्धा तास भाषण दिलं. हजारो मीटर नळी विकलेला माणूस मी! मला साडेपाच वर्षांच्या पोरीला दोन बोटांएवढं तोंड उघडायला लावता येईना. आणखी दोन दवाखाने झाले. दोन्हीकडे तेच.

मग एका सकाळी उठली तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. अंगात ताप. डॉक्टरबाईंनी तिला बघितलं आणि लगेच औषधं सुरू केली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता खुर्चीवर होणार नाही. ताप उतरला की मोठ्या हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊनच करावं लागेल. आता दाढही वाचणार नाही, आणि शेजारची पण काढावी लागेल."

"म्हणजे ऑपरेशन?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आता ऑपरेशन."

बघा कसं असतं! थाप मारली होती, ती स्वतःच्या हाताने खरी करून दाखवली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा राहून अक्कांना फोन लावला. का लावला म्हणता? भीती वाटत होती मला! भूल म्हणजे भूल. एवढंसं पोर. कोणीतरी आपलं माणूस यावं, शेजारी बसावं, वाटल्यास नानांनी साडूची गोष्ट पूर्ण करावी, पण कोणीतरी यावं असं वाटत होतं.

"अक्का, स्वराचं ऑपरेशन आहे आज."

"हां भाऊ. शे ना. ऱ्हाऊ द्या."

"अक्का, खरंच आहे."

"मांगे बी खरंच व्हतं ना," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी आणखी सहा जणांना फोन केले. जिथे अक्का जात नाहीत तिथे बाकीचे कोणी जात नाहीत हे माहीत होतं, तरी केले. कोणी म्हणालं, "वा वा, जाऊळ कोणाचं आहे आज?" एकाने तर नुसता हसून फोन ठेवला.

स्वराला हिरवा गाऊन घातला. तो तिला पायघोळ होत होता. आत जाताना तिने मनीषाचं बोट शेवटपर्यंत सोडलं नाही. मी दुसऱ्या बाजूने चालत होतो, पण त्या बाजूला तिने मान वळवली नाही. दार बंद झालं.

आमच्यासमोरच्या बाकावर कोणाच्या तरी अपेंडिक्सला भेटायला आलेली वीस माणसं होती. डबे उघडले होते, पोरं पळत होती, नुसती जत्रा. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने बराच वेळ आमच्याकडे बघितलं. मग उठून आली आणि हळूच म्हणाली, "तुमनं कोनीच नही का रे भाऊ?"

मनीषाने मान खाली घातली. मी म्हणालो, "आहेत ना. येतायत वाटेत." बघा! तिथेसुद्धा खोटंच!

बाईने माझ्या हातावर एक केळं ठेवलं आणि गेली. ते मी डाव्या बाजूने खाल्लं.

तासाभराने पोर बाहेर आली. ओठ सुजलेले, तोंडात कापूस. इतकी लहान कधी वाटली नव्हती मला. खोलीत आणली. मनीषा एका बाजूला, मी एका बाजूला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग दाराकडे, मग सगळ्या खोलीभर.

"मम्मी, अक्का आल्या?" कापसातून कसाबसा आवाज आला.

"नाही गं."

"नाना?"

"नाही."

"कोणीच नाही आलं?"

"कोणीच नाही," मनीषा म्हणाली.

पोरीने एक लांब श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली. "मग मला काही नाही झालं," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. चला, निदान कोणी न आल्याचा हा तरी फायदा झाला! मी वाकून म्हणालो, "हो बेटा, काहीच नाही झालं तुला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मनीषाला म्हणाली, "हे आलेत ना पण. यांना पण घरी पाठव."